शेवटच्या बाकाकडे तोंड करून

दुकान गेल्याचं तिला बुधवारी सकाळी कळलं. शटरवर कागद चिकटवलेला होता: जागामालकाच्या दाव्याचा एकतर्फी निकाल, महिनाभरात जागा रिकामी करा. दावा कधी लागला, हेच तिला ठाऊक नव्हतं. आधी आईनं आणि मग तिनं तीस वर्षं जिथे कपडे शिवले, ती जागा अशी... एका कागदावर गेली.

कोर्टाबाहेर छपराखाली एक टायपिस्ट बसायचा. तिनं कागद त्याच्यापुढे ठेवला.

"वकील कोण?"

"कुणी नाही. माझं मीच बोलणार."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "कोर्टात बोललात कधी?"

"गिऱ्हाइकांशी बोलते. त्याहून काय अवघड असणार?"

तो हसला आणि निकाल रद्द करण्याचा अर्ज टाइप करू लागला. कोर्टाची नोटीस पोचवणाऱ्या बेलिफाच्या अहवालात होतं, की दहा तारखेला तिनं दुकानात नोटीस घ्यायला नकार दिला. ती चमकली. त्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. ती दिवसभर शाळेत गणवेशाची मापं घेत होती. मापांच्या वहीत बावीस मुली होत्या, तारीख होती, खाली मुख्याध्यापिकेची सही होती.

"एवढा पुरावा असताना काळजी कसली?"

"मघाशी बोलले खरी, पण चारचौघांत उभी राहिले की माझी बोबडी वळते."

मग तिच्या सरावासाठी रोज संध्याकाळी टाइपरायटर झाकून तो न्यायाधीश व्हायचा.

"बाई, मुद्द्यावर या."

"साहेब, तुमच्या बाहीची शिवण उसवलीय. आधी ती घालून देऊ?"

"कोर्टाला लाच देताय?"

तारीख जवळ आली तशी तिची धडधड वाढली — पण ती सगळी खटल्यापायीच होती, असं तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

तारखेला न्यायाधीश म्हणाले, "बोला."

ती उठली, गर्रकन मागे वळली आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या टायपिस्टकडे बघत घडाघडा बोलू लागली. दहा तारीख, कुलूप, शाळा, सही... एक शब्द चुकला नाही.

"बाई," पाठीमागून आवाज आला, "न्यायाधीश इकडे बसतात."

सगळे हसले. तिचे कान तापले. पण वही पुढे गेली. न्यायाधीशांनी पानं दोनदा उलटली, मग ती मालकाच्या वकिलाला दाखवली. त्यानं तारीख आणि सही पाहून वही परत केली. एकतर्फी निकाल रद्द झाला.

बाहेर पायरीवर ती मटकन बसली. कित्येक दिवसांनी तिनं छाती भरून श्वास घेतला. तो शेजारी येऊन बसला.

"माझ्याकडे का वळलात?"

"तुमच्याकडे बघितलं की बोलता येतं."

त्यानं चष्मा काढून पुसला. "मला उलट होतं... तुमच्याकडे बघितलं की सुचत नाही. तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवसापासून."

"मग इतके दिवस साहेब होऊन काय बसलात?"

"साहेबांना असं बोलता येत नाही ना."

ती हसली, आणि शाईनं माखलेली त्याची बोटं तिनं आपल्या हातात घेतली. दुकान तूर्त तिचंच होतं. मूळ दावा मात्र अजून लढायचा राहिला होता.