आतली कडी

"बाई… तुमी?" हातातलं सूप तसंच हवेत धरून मीराबाईनं विचारलं, आणि अंगणात उभ्या असलेल्या बायनाच्या डोळ्यांत नऊ वर्षं एकदम भरून आली!

या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं तिनं सत्याहत्तर साली साऱ्या गावासमक्ष सांगितलं होतं. गाव ते चार दिवसांत विसरलं. बायना मात्र नऊ वर्षं पाळत आली. आज मूल गावापर्यंत एसटीनं आणि पुढे पायी येताना ती शपथ वाटेतच कुठेतरी गळून पडली असावी. माघ सरत होता, सागाची पानं झडत होती, त्यांत एक शपथ झडली तर कोणाच्या लक्षात येणार?

"भाऊ कुठी हाये, वहिनी?"

"घरातच हाये. बसा न… पाणी आणतो."

पण बायनाची नजर ओसरीतून थेट मागच्या खोलीकडे गेली होती. तिथे सागवानी चौकट उभी होती, आणि चौकटीत… काहीच नव्हतं! बांबूचा तट्टा नाही, साधा पडदासुद्धा नाही.

त्या चौकटीचं दार तिनंच नेलं होतं.

लटारू, तिचा सर्वांत धाकटा भाऊ, विशीत आला आणि त्याच्या कानात माणसं बोलू लागली. तो त्यांना उत्तरं देई, कधी त्यांच्यावर रागावे, कधी उठून रानाकडे चालू लागे. गावात प्रत्येकाकडे सल्ला होता आणि सगळे सल्ले फिरून एका कडीशी येऊन थांबत. शेवटी थोरल्या देवरावनं मागच्या खोलीला बाहेरून कडी ठोकली. आत लटारू, बाहेर गाव, सगळे सुरक्षित! सात महिने बायनानं त्या दाराच्या फटीतून भाकरी सारली, आणि एका सकाळी तिनं ती कडी उपटून काढली. पण सुटलेला लटारू मोकळ्यात झोपेना. ज्या दारानं कोंडलं त्याच दाराला पाठ लावल्याशिवाय त्या अभाग्याचा डोळा लागेना… मग बायनानं नागभीडच्या ठरलेल्या स्थळाला नकार कळवला आणि वाटणीत फक्त ते दार मागितलं. मीराबाई तेव्हा पोट धरून हसली होती. दार आणि भाऊ, एवढं घेऊन ती चंद्रपूरला गेली. तिथल्या पहिल्या झोपडीत तिनं तीच कडी दाराला आतून ठोकली. आता लावायची की नाही ते लटारूनं ठरवायचं!

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "याला एकाच जागी राहू द्या. जागा बदलली की त्रास वाढेल." गोळ्या दुकानात मिळाल्या. एक जागा कोणत्याच दुकानात नव्हती. नऊ वर्षांत सात झोपड्या झाल्या. कधी रस्ता रुंद व्हायचा असे, कधी कोणी साहेब त्या रस्त्यानं जायचे असत. प्रत्येक वेळी तट्ट्यांच्या भिंती गुंडाळायच्या आणि दार ठेल्यावर चढवायचं. बोट लावलं तर आरपार जाईल अशी भिंत, आणि तिला दोन बोटं जाड सागवानी दार! वस्तीतल्या बाया हसत, "बायनाबाई, तुमच्या घरी चोर आला तं पयले दार ठोठावन व!"

चोर कधी आला नाही. झोप मात्र येई. लटारू आतून कडी लावी, पाठ टेकवी आणि लेकरासारखा झोपे. बायनाच तेवढी पहाटे अर्धवट जागी होऊन भिंतीसाठी हात लांबवी आणि भिंत नेमकी दुसऱ्या बाजूला असे… मग तिला पुन्हा तेच स्वप्न पडे. पिवळ्या पानांच्या रानात नुसती दारं उभी आहेत, घर कुठेच नाही, आणि ती एकेक दार उघडत चालली आहे, चालली आहे…

आठव्या खेपेला ठेला शहराबाहेर निघाला आणि जंगलनाक्यावर अडला.

"सागवान आहे. वाहतुकीचा पास?" नाकेदार गुणवंतराव म्हणाले.

"साहेब, दार हाये हे."

"सागवानाचंच ना?"

ते खरं होतं. दार जप्त ओंडक्यांच्या ढिगाला लागलं. "सोमवारी डेपोत जाईल. ज्याच्या घरचं आहे त्यानं येऊन ओळख पटवली, तर सोडतो," गुणवंतराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नियमात होता. तेव्हापासून लटारू त्या ढिगापाशी बसला होता. दाराला पाठ होती, पण त्या दारामागे आत नव्हतं आणि बाहेरही नव्हतं. त्याचा डोळा लागला नव्हता.

बायनानं हे सगळं सांगितलं तेव्हा देवराव खाटेवर उठून बसला.

"तीन दिस झोपला नाई?"

"नाई, भाऊ. उघड्या डोळ्यानं बसून राह्यला. कालपासून मलेही ओळखत नाई…" बायनाची नजर रिकाम्या चौकटीकडे गेली. मग तिच्यानं राहवेना. "तू दुसरं दार काऊन नाई लावलं?"

"दोनदा आणलं होतं व. दार लावलं का कडी आठवे… दोन्ही डाव वापस केलं."

तो उठला. कोपऱ्यातली लोखंडी सबल घेऊन त्यानं चौकटीच्या कडेनं भिंत खणायला सुरुवात केली.

"अवो! भिंत पडन न!" मीराबाई ओरडली.

"पडू दे."

मग मीराबाईनं भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवून बायनाच्या हाती दिली, पाण्याची घागर आणली आणि भिंतीवर ओतली. "कोरडी माती फोडू नोका. सारं घर फाटन. बाई, तुमी तिकून धरा न!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडी नाक्यावर आली तेव्हा गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. "आता ही चौकट! हेही सागवानच. याचा पास?"

देवरावनं चौकटीची एक बाजू मोहाच्या झाडाला बांधून ती उभी केली, ढिगातून दार उचलून आणलं आणि बायनाच्या मदतीनं बिजागऱ्यांत बसवलं. नऊ वर्षांनी ते न कुरकुरता बसलं. झोपडीत वापरलेला कोंडा बायनानं चौकटीला आतून ठोकला. चौकटीवर बाहेरच्या बाजूला कडीचा जुना गंजलेला कोंडा होता, आणि दारावरची खिळ्यांची चार भोकं नेमकी त्याच्या शेजारी आली.

"कडी बाहेरून?" गुणवंतरावांनी विचारलं. "आतल्या खोलीला?"

"मी ठोकली होती, साहेब." देवरावनं त्या भोकांवर बोट ठेवलं. "आत माहा भाऊ होता. सात महिने! ह्या दाराची दुसरी खूण माह्यापाशी नाई. तसंच लिवा…"

गुणवंतरावांनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. त्यात याला रकाना नव्हता. त्यांनी पेनचं टोपण लावलं. "पटली ओळख," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात लटारू उठला. कोणाकडेही न पाहता तो दारापाशी आला, दार उघडलं, पलीकडे गेला. पलीकडे मोहाचं झाड होतं, आभाळ होतं, पिवळी पानं होती. त्यानं दार लोटून घेतलं. आतून कडी लागली… आणि दार किंचित हललं. त्यानं पाठ टेकवली होती. हे रान बायनानं स्वप्नात पाहिलं होतं!

देवराव अलीकडे मातीत बसला आणि त्यानं दारावर तळहात ठेवला. "लटारू… बाहेर मी हाये गा. कडी नाई लावली."

थोड्या वेळानं मंद, संथ श्वास तेवढा ऐकू आला.

"झोपला!" बायना पुटपुटली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

"घरी चाल, बायना. दोघंही चाला. भिंत नवी घालू… तू म्हनशीन तिथी दार."

"तो उठल्यावर त्याले विचारू, भाऊ."

नाक्यावर ओंडक्यांचे तीन ट्रक येऊन लागले, घरघरत. पास तिघांकडेही होते. गुणवंतराव लगबगीनं पुढे गेले आणि त्यांनी इंजिनं बंद करायला लावली.

"काय झालं, साहेब?" ड्रायव्हरनं उघड्या रानात उभ्या असलेल्या त्या एकट्या दाराकडे पाहत विचारलं.

"हळू बोल," गुणवंतराव म्हणाले. "आतून कडी आहे."