वर्खावरचा ‘हा’

“अगं, तोंड बंद! उडेल ना सगळं सोनं!”

मी दचकले. मागे खांबाला टेकून तो उभा होता — बोटं शाईने काळी, डोळ्यांत खोडकर हसू. मामा हस्तलिखितं सोन्याच्या वर्खाने सजवून द्यायचा आणि त्याच्या हाताखाली माझा पहिलाच आठवडा होता. भर दुपार, मामा जेवून आडवा झालेला, दारं-खिडक्या बंद. मग हा आला कुठून?

“आधी अक्षरावरच्या खळीवर ‘हा’ कर,” तो म्हणाला. “चष्म्याच्या काचेवर करतात तसा. खळ ओलसर झाली की वर्ख बसतो.”

“मग तूच करून दाखव की!”

“मला... जमत नाही.”

तो रोज यायला लागला. मला चिडवायचा, आणि मी लाजून धुतलेलेच कुंचले पुन्हा धुवायची. एकदा माझा वेंधळेपणा बघून तो वर्खावर ओणवा होऊन खो-खो हसला... आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी नुसतं ‘अय्या’ म्हटलं तरी फडफडणारा वर्ख जागचा हललासुद्धा नव्हता.

“कळलं ना आता?” त्याने हळूच विचारलं.

बाकीचं मामाकडून कळलं. मामाने माझ्यासमोर ठेवलेल्या याच पानावर काम करता करता आधीचा कारागीर गेला होता. शेवटचं अक्षर तेवढं राहिलं होतं.

घाबरले मी, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त भीती ते पान पुरं होण्याची वाटली. मी ते अक्षर टाळत राहिले. शेवटी मामाच ओरडला, “बाई गं, संध्याकाळी गिऱ्हाईक पान न्यायला येतंय. उरक आता!”

“पान गेलं की मीही गेलो,” तो म्हणाला. “कर ना ‘हा’. माझ्या वाटचा.”

“मुली आपल्या माणसाला काय म्हणतात, माहितेय? ‘हा’ आला, ‘हा’ जेवला, ‘हा’ रुसला...” मला रडूच फुटलं. “मी कुणाला म्हणू?”

“मला म्हण. एकदाच.”

मी अक्षरावर ओणवी झाले. “हाऽऽ...”

अक्षरालाही म्हटलं, त्यालाही म्हटलं. वर्ख अलगद बसला. वळून पाहिलं तर खांबापाशी कुणी नव्हतं.

तेवढ्यात वर्ख कापायच्या छोट्या गादीवर उरलेला तुकडा थरथरला. खिडक्या बंद होत्या आणि मी तर श्वास रोखून उभी होते. तरी तो उचलला गेला, तरंगत आला आणि माझ्या गालावर चिकटला. गाल ओलसर, ऊबदार लागत होता.

“गालाला काय लागलंय गं?” मामाने आत येत विचारलं.

“हा,” मी म्हणाले.