पाण्यातला न

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये नको. भुताखेतांना मी तेव्हा मानत नव्हते, आणि खरं सांगू का, भाव तर अजूनही देत नाही.

दोन हजार चार साल. बोळिंजला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. ‘बाई काय दुरुस्त करणार’ म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून चालवलेलं. एका दुपारी पापडी गावातून लूर्डस मावशींचा फोन आला, “फोल्डरला कुलूप हाय. उघडून दे.” म्हटलं, दहा मिनिटांचं काम.

घर केळीच्या वाडीत, अगदी टोकाला. बाहेर रणरणतं ऊन, आणि कॉम्प्युटरच्या खोलीत मात्र दिवा लावावा लागला. शेवाळाचा वास येत होता. साचलेल्या पाण्याचा, नाकात बसणारा.

“मागं बावखल हाय,” मावशी म्हणाल्या. वाडीला पाणी पुरवणारं तळं. “आमची सुझान तिथंच बुडून गेली. सात वर्षांची होती. तिचा आवाज ह्यांनी माइकवर भरून ठेवलेला. मला एकदाच ऐकवला आणि दुसऱ्या दिवशी कुलूप घातलं. का, ते मरेपर्यंत सांगितलं नाय. आता मी ऐकनार. बस्स.”

‘हे’ म्हणजे आलोशियस सर, मराठीचे शिक्षक. वर्षापूर्वी वारले होते.

मी कुलपाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि कळलं, हे दहा मिनिटांचं काम नव्हे. लोकांना वाटतं, सॉफ्टवेअर काढून टाकलं की फोल्डर सुटतो. उलट कायमचा जातो. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली तरी आतला नुसता कचरा दिसतो. त्यात सरांनी आणखी एक सोय करून ठेवलेली: तीन वेळा पासवर्ड चुकला की फोल्डर आपोआप पुसला जाणार. खाली सूचना होती, ‘सुझानने लिहिलेला पहिला शब्द.’

“पानी,” मावशी लगेच म्हणाल्या.

कीबोर्डवर सरांनी मराठी अक्षरांचे स्टिकर लावले होते. मी ‘पाणी’ टाइप केलं. चार चांदण्या उमटल्या. एंटर. चुकीचा पासवर्ड. दोन संधी उरल्या.

मी हात मांडीवर घेतले, विचार करत बसले. तेवढ्यात टक् झालं. चौकटीत एक चांदणी. मग दुसरी, तिसरी. कळा खाली जाताना मला दिसत होत्या, नीट, सावकाश. आणि एंटरही दाबली गेली. चुकीचा पासवर्ड. उरली एक.

वास एवढा वाढला की नाक दाबावं लागलं. पण सांगते, भीतीच्या आधी मला राग आला. ग्राहकाचं काम कुणी मुद्दाम बिघडवलेलं मी खपवून घेत नाही.

“सर,” मी मोठ्यानं म्हटलं, “हे बरं नव्हे हं. आईला लेकीचा आवाज ऐकू द्यायचा नाही, ही कसली मास्तरकी?”

मावशी हलल्या नाहीत. “पोरी, तू काय लिवलंस मगाशी?”

“पाणी.”

“मी पानी सांगितलं. पानी! बाणातला नाय, नळातला न. तिनं तसंच लिवलं होतं. हे जगभर लाल पेन घेऊन फिरायचे, पन तिच्या वहीत खूण केली नाय.”

अगं बाई! साताऱ्याच्या मास्तरणीची मी मुलगी. कानानं ‘पानी’ ऐकलं, हातानं शुद्ध करून टाकलं. मी कपाळावर हात मारला.

मावशींनी मला खुर्चीवरून उठवलं. “सरक. मीच लिवते.” एका बोटानं प. मग काना. मग त्यांचं बोट ‘न’वर थांबलं आणि हवेतच डावीकडे ओढलं जाऊ लागलं. दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या.

“मावशी, सोडा... राहू दे...”

“का सोडू?” डावा हात त्यांनी उजव्या मनगटावर टाकला आणि रिकाम्या हवेत काहीतरी मुठीत पकडलं. “धरला तुमचा हात! आयुष्यभर तुमचं ऐकलं. आज तुम्ही माझं ऐकायचं.”

न. दुसरी वेलांटी. एंटर.

फोल्डर उघडला. आत एकच फाइल, अकरा सेकंदांची. मावशींनी मूठ सोडली नव्हती, म्हणून मीच ती लावली.

“आय... ए आय...”

मावशींच्या तोंडून हुंदका फुटला. “बोल गं माझी बाय.”

अकरा सेकंद संपले. काटा शेवटाला जाऊन थांबला. आवाज थांबला नाही.

“आय, रडते काय?”

“नाय गं. तुझ्या डॅडींशी भांडले आत्ता. उघडूनच देत नव्हते.”

“डॅडी?” पोरगी गोंधळली. “डॅडी तर इथं झोपलेत... कवाचे. माझ्या बाजूला.” मग अगदी हळू, “आय... तू हात कोनाचा धरलाय?”

मी दाराकडे सरकले, लपवत नाही. मावशींनी खाली पाहिलंसुद्धा नाही. मूठ आणखी आवळली.

“कोनाचा का असंना,” त्या म्हणाल्या. “तू बोल.”

त्यांच्या बोटांमधून बावखलाचं हिरवट पाणी टेबलावर ठिबकत होतं.