बुधवारचे सतरा सेकंद

"माझ्या पोरीच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतंय!"

शिंपीकाकांनी बाटली टेबलावर अशी आपटली की भाऊजींच्या कपातला चहा थेट वहीवर सांडला.

वहिनी या गावातल्या एकमेव खासगी गुप्तहेर. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. वही सांभाळायची आणि चुकीच्या माणसाकडे बोट दाखवायचं, ही दोन्ही कामं त्यांच्याकडे.

"नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

"हरणी म्हणतात तिला. पंधराशे मीटर पळते. सोमवारी पाच मिनिटं आठ सेकंद! मी स्वतः कुंपणाशी घड्याळ धरून असतो. आणि बुधवारी, शनिवारी? पाच पंचवीस! सहा आठवडे हेच. आजही तेच झालं. येत्या शनिवारी संघाची निवड आहे, पाच दहाच्या आत यावं लागतं. डोकं फुटायची वेळ आलीय माझी!"

"पाण्यावरच संशय का?"

"बुधवारी-शनिवारी ती थेंबभर पीत नाही. बाटली नेली तशी भरलेली परत. तिलाही काहीतरी वास येत असणार. डबा मात्र चाटूनपुसून रिकामा."

भाऊजींनी ओल्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: विष. वहिनींनी ते खोडलं.

मैदानावर पहिली भेटली शिट्टी. दातांच्या फटीतून शिट्टी मारणारी, दुसऱ्या नंबरची धावपटू.

"आलात का तुम्हीपण?" ती फणकारली. "हरणी घसरली की माझा फायदा, म्हणून मीच चोर! वैताग आलाय मला. अहो, उलट तीच मला तिची केळी देते. आज दोन दिली. परवा सोमवारी मागितलं तर म्हणाली, हात लावशील तर बघ, भूक लागलीय मला."

"केळ्यांतच काहीतरी असणार!" भाऊजींनी कुजबुजत वहीत लिहिलं.

"आज कशी पळालीस?" वहिनींनी विचारलं.

"एकदम भारी! आजवरची सगळ्यात चांगली वेळ."

भाऊजींनी केळी खोडली.

कोच सरांच्या खोलीच्या दाराशीच वजनकाटा होता. समोर फळा. फळ्यावर प्रत्येकीचं नाव, वजन आणि लाल किंवा हिरवा बाण. खिडकीत क्लिपा, दोन घड्याळं, एक कडं.

"हे कुणाचं?"

"पोरींचं! काट्यावर चढताना काढतात आणि विसरतात. मी काय सामान सांभाळणारा आहे?" सर करवादले. "सहा आठवडे झाले, बुधवारी, शनिवारी आधी काटा, मग घड्याळ. शिस्त आहे ती. अंग हलकं तर पाय हलके. हरणीचं वजन बघा, बाण सारखा हिरवा! आणि वेळ? मातीत! काय करू मी या मुलीचं?"

हरणी बाहेर बाकावर बसली होती. ओठांना भेगा पडलेल्या. "काही झालेलं नाही मला," ती म्हणाली. "शेवटच्या फेरीत पाय शिशाचे होतात, एवढंच. सोडा ना विषय!"

वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

"पाण्यात काही नव्हतं. जे पाणी पोटात गेलंच नाही, ते काय बिघडवणार?"

"मग केलं कुणी?" शिंपीकाकांचा आवाज चढला.

"सोमवारी काटा नाही, बुधवारी आणि शनिवारी आहे. सोमवारी हरणीला भूक लागते, बुधवारी ती केळी वाटते. डबा रिकामा होतो, पण खाणारे दुसरेच. ज्या मुली हातातलं कडंसुद्धा काढून काट्यावर चढतात, त्या पोटात पेलाभर पाणी कशाला ठेवतील? पाणीही वजन दाखवतं. मग त्याच उपाशी, कोरड्या अंगाने हरणीला काट्यावरून उतरल्या उतरल्या पळायला लावतात. पहिल्या फेऱ्या जिद्दीवर निघतात. शेवटची कशावर निघणार?"

हरणीने मान खाली घातली.

"मी कुणाला उपाशी राहायला सांगितलं?" सर उसळले.

"सांगितलं नाहीत. फळ्यावर लिहिलंत."

"मला लाल बाण नको होता," हरणी पुटपुटली. "बाण लाल झाला की सर सगळ्यांसमोर नाव घेतात."

शिंपीकाका तिच्याजवळ गेले. "अगं, मला तरी सांगायचंस..."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शनिवारी काटा नाही."

दोन दिवस हरणी व्यवस्थित जेवली, झोपली, पाणी प्यायली. शनिवारी शेवटच्या फेरीत तिने दोघींना मागे टाकलं. कुंपणाशी शिंपीकाका ओरडून ओरडून लाल झाले.

पाच मिनिटं अकरा सेकंद.

एक सेकंद! तिचं नाव राखीव खेळाडूंत लागलं.

"दोन दिवसांत एवढं सुधारलीस," सर समजुतीने म्हणाले. "सहा आठवड्यांची झीज लगेच भरत नाही. पुढच्या वेळी नक्की."

हरणी धापा टाकत होती. घामाने डोळे चुरचुरत होते, पण तिने ते पुसले नाहीत.

"सहा आठवडे, सर!" ती मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडली. "दर बुधवारी, दर शनिवारी माझं वजन विचारलंत. एकदा तरी विचारायचं होतं ना, जेवलीस का म्हणून?"