करप्याची चोरी

त्या माघात केळापूरच्या शिवारावर धुकं असं उतरलं, की एक म्हैस वाट चुकून दुसऱ्याच्याच गोठ्यात दूध देऊन आली आणि तिच्या मालकाला ते दुपारी कळलं. हमरस्त्यावरचे ट्रकवाले खाली उतरून रस्ता हातानं चाचपत होते म्हणे. ज्याला पटत नसेल त्यानं त्या म्हशीला विचारावं. पण त्याच धुक्यात धम्मरत्नला आपल्या टमाट्याच्या वावरात चोर सापडला, ही गोष्ट मात्र सोळा आणे खरी.

सकाळी तो बांधावर आला तर काठ्यांना बांधलेल्या झाडांमध्ये कुणीतरी वाकलेलं. हातात पिशवी.

"कोन व्हय तिकडं? टमाटे तोडून राह्यला का बे?"

"टमाटे तुमचे तुमालेच लखलाभ," धुक्यातून आवाज आला. पोरीचा! "मी पानं घेऊन राह्यली."

तो जवळ गेला. डोक्याला घट्ट ओढणी, पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब, आणि पिशवीत… पिशवीत त्याच्या वावरातली सगळ्यात सडकी पानं. वरून काळे तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी.

"हे पानं? भाजी करता का याची?"

"करपा पायजे मले."

"काय पायजे?"

"करपा. रोग." तिनं एक पान उलटं करून त्याच्या नाकासमोर धरलं. "तुमच्या वावरात काय जोमदार आला, बाप्पा! असा रोग म्या पाह्यलाच नाही कुठं."

धम्मरत्नच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, तारीफ झाली होती, त्याच्या मायच्या हातच्या भाकरीची झाली होती. त्याच्या रोगाची तारीफ आजवर कुणी केली नव्हती. त्याचे कान गरम झाले.

ती पायल. हमरस्त्याच्या पलीकडे जाळीच्या छपराखाली रोपं विकायची. तिथंच मागच्या तुकड्यात तिनं गावरान भेदरं आणि मोठा टणक टमाटा यांचा संकर लावला होता. भेदरं म्हणजे कुंपणावर आपसूक उगवणारं, बोराएवढं, आंबटढाण टमाटं. धुक्यात, गारव्यात, औषधाशिवाय उभं राहील असं वाण तिला काढायचं होतं.

"पन झाड खरंच तगते का, हे रोगाबिगर कसं कळन?" ती म्हणाली. "आपल्याकडं सारं ऊनच ऊन. हा करपा कवामवा येते. यंदा आला, अन् माह्या वावरात पाऊल नाही टाकलं त्यानं!"

"मंग तुमी त्याले बोलवायले आल्या."

"बोलावून येत नाही त उचलून न्या लागते."

"चोरी झाली न ही?"

"जा मंग पांढरकवड्याले ठान्यात. काय सांगसान? साहेब, माहा रोग चोरला?"

धम्मरत्न इतक्या मोठ्यानं हसला की धुक्याला तेवढ्या जागी भोक पडलं. आणि त्या भोकातून त्याला तिच्या गालावरची खळी दिसली… संपला कारभार!

"न्या," तो म्हणाला. "पन पिशवी जड हाय. मी आनून देतो."

पिशवीत चिमणीच्या वजनाचीही पानं नव्हती. दोघांनाही ते माहीत होतं. तिनं पिशवी त्याच्या हातात दिली.

मग रोज संध्याकाळी तो रस्ता ओलांडू लागला. पानं थंड पाण्यात चुरायची, फडक्यातून गाळायची, आणि ते पाणी कडुलिंबाच्या डहाळीनं तिच्या झाडांवर शिंपडायचं. पायलचा नियम एकच.

"फवारा मारायचा नाही. काहीबी झालं तरी. जे मरते ते मरू द्यायचं. समजलं?"

"लय निर्दयी हा तुमी."

"रोगाचा पाहुनचार असाच असते."

शिंपडताना थेंब झाडावर कमी आणि एकमेकांवर जास्त पडत. "माह्यावर कायले टाकून राह्यले? मी काय टमाटं हाव?" ती विचारायची. "लाल त झाल्याच न," तो म्हणायचा… आणि मग दोघंही खाली मान घालून फार मन लावून काम करायचे.

उकंडाजी, म्हणजे धम्मरत्नचा बाप, ओसरीवर बसून हे सगळं ऐकून होता. "आमचा पोट्टा लोकायच्या वावरात रोग घेऊन जाते, अन् लोकं त्याले चहा पाजते," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "आमच्या टाइमाले लोकायनं पाठीत काठी मोडली असती."

पायलच्या वावरात विहिरीकडची एक ओळ होती. तिच्यावर तिचा जीव. तिची फुलं तिनं स्वतः चिमट्यानं उघडून, बोटाच्या टोकानं पराग लावला होता. गोल, लालबुंद फळ, आणि भेदराचा आंबटपणा जसाच्या तसा. येताजाता ती त्या झाडांवरून हात फिरवायची, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

एके संध्याकाळी त्याच ओळीवर काळे तेलकट डाग दिसले.

पायल खाली बसली. "असू द्या…" एवढंच म्हणून तिनं तोंड फिरवलं आणि ओढणीचं टोक डोळ्यांकडे नेलं.

धम्मरत्न घरी आला, जेवला नाही. दिवस उजाडायच्या आत पाठीवर पंप घेऊन तो रस्ता ओलांडून गेला. डागाळलेली पानं खुडून खिशात कोंबली आणि घरातलं सगळ्यात चांगलं करप्याचं औषध त्या एका ओळीवर मारलं. अगदी पानाच्या खालून, वरून, प्रेमानं. धुक्यानं साक्ष दिली नाही.

आठवड्याभरात बाकीच्या ओळी काळ्या पडून वाळल्या. विहिरीकडची ओळ हिरवीगार! पायल अक्षरशः उडाली. तिनं धम्मरत्नचं मनगट धरून त्याला ओढत नेलं. पहिल्यांदाच धरलं.

"पाहा न! पाहा! एकबी नवा डाग नाही!" एक टमाटं तोडून, फोडून, मीठ लावून तिनं त्याच्या तोंडात कोंबलं. "बचत गटाच्या इंदूबाई येऊन गेल्या. गटातल्या साऱ्या बायायले बियानं देतो म्हटलं. पुढच्या हिवायात औषध न मारता लावतीन त्या. बिनधास्त!"

धम्मरत्ननं चावणं थांबवलं. गप्प राहिलं तर ही पोरगी अशीच मनगट धरून हसत राहील… आणि पुढच्या धुक्यात इंदूबाईचं वावर काळं पडेल. बोललं तर मनगट सुटेल.

"घरी जातो," असं म्हणून तो अर्ध्या रस्त्यापर्यंत गेला. एका ट्रकवाल्यानं हॉर्न मारून शिवी दिली. तो परत फिरला.

"पायल… ते बियानं वाटू नको."

"काहून?"

"म्या फवारलं."

"काय?"

"त्या ओळीवर. म्याच. सकायी येऊन. डागाची पानंबी खुडून खिशात कोंबली."

तिच्या हातातली मिठाची पुडी तशीच राहिली. "म्या सांगतलं होतं न?"

"हो."

"मंग काहून?"

"तू रडली त्या दिवशी… मले नाही पाहवलं. तू…" तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "तू मले आवडते. लय."

यवतमाळ जिल्ह्यात आजवर प्रेमाच्या पुष्कळ कबुल्या झाल्या असतील, पण औषधाच्या वासाची ही पहिलीच.

"आवडते म्हनून फवारते का कोनी?" पायल कडाडली. "मी काय मावा पडलेली पऱ्हाटी हाव? इंदूबाईचं वावर गेलं असतं त तिले काय सांगतलं असतं? धम्मरत्नाचं माह्यावर लय प्रेम हाय बाई, तेच भाकरीसंग खा?" तिचा आवाज चिरकला. "आता पुन्हा पाहाव त कशात पाहाव? माह्या वावरातला रोगबी वाळून गेला. धुकं पातळ होऊन राह्यलं. जा तू. जा इथून!"

तो गेला. पण ती जे म्हणाली ते त्यानं नीट ऐकलं होतं. रोगाला जगायला हिरवं झाड लागतं, आणि त्याच्या वावरात अजून अर्धी झाडं हिरवी होती. फळांनी लगडलेली. औषध मारून जपलेली.

त्यानं औषध बंद केलं. झाडांना पाणी देऊन ओल धरली. काळे डाग हिरव्या झाडांवर चढू लागले.

"टमाटे हातचे जाऊन राह्यले, दिसत नाही का तुले?" उकंडाजी ओरडला.

"दिसते, बाबा."

"कोनासाठी हे?"

धम्मरत्न पाटाचं पाणी वळवत राहिला. उकंडाजीनं रस्त्याच्या पलीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि तंबाखू मळत आत गेला.

दुसऱ्या दिवशी धम्मरत्न पायलच्या फाटकाशी उभा राहिला. "त्या ओळीच्याच वाणाची रोपं ट्रेमंदी हायत न तुह्याकडं? घेऊन ये. माह्या वावरात रोग जिता ठेवला. पंप खोलीत टाकून कुलूप लावलं. ही चाबी, तूच ठेव."

तिनं चाबी घेतली. दुपारी डोक्यावर ट्रे घेऊन आली आणि त्याच्या काळ्या पडणाऱ्या झाडांमध्ये आपली कोवळी रोपं लावून गेली. रोज यायची. रोपांशी बोलायची, त्याच्याशी नाही.

डाग आले. एकेक रोप मान टाकू लागलं. एका सकाळी ती मातीत गुडघ्यावर बसली आणि या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. तोंड उघडं टाकून रडली. धम्मरत्ननं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. औषध नाही, पंप नाही, 'रडू नको' नाही. तो नुसता तिच्या शेजारी येऊन मातीत बसला. आयुष्यात एवढं जड काम त्यानं केलं नव्हतं.

मग नाक पुसून ती म्हणाली, "खिशात कोंबाले पानं नाही घेतली आज?"

"नाही."

"शहानपन आलं मंग जरासक."

माघ सरला, ऊन कोवळं का होईना पण पडलं. त्या सगळ्या काळ्या पसाऱ्यात दोन रोपं उभी होती. पानांवर मोहरीएवढे डाग आले होते, पण जागच्या जागी वाळून गेलेले. वर नवी पालवी.

"दोन," पायल म्हणाली.

"दोनच?"

"दोनच. पन खरी हायत." तिनं त्यांच्यावरून हात फिरवला. "याचं बी धरीन. पुढच्या हिवायात त्याले पुन्हा रोग लावा लागन. त्याच्या पुढच्या सालीबी. तवा कुठं इंदूबाईले देता येईन."

"रोग मी देईन."

"दर साली?"

"दर साली."

"पन पिशवी घेऊन दर साली रस्ता ओलांडाले मले नाही जमन. सांगून ठेवते."

धम्मरत्नचा चेहरा पडला. "मंग… कसं करतं?"

पायल रोपांकडेच पाहत होती. खळी मात्र लपत नव्हती. "मंग काय… रस्त्याच्या ह्या कडेलेच राहा लागन मले."

हमरस्त्यावरून एक ट्रक गेला, दुसरा गेला. तिसरा गेल्यावर धम्मरत्नला ते समजलं.

"बाबाले कवा धाडू?" त्यानं घाईघाईनं विचारलं. "आज? आत्ता?"

"फळ पिकू दे आधी. घाईनं तोडलं त बी कच्चं राह्यते."

आणि त्या दोन झाडांची टमाटी, सांगतात, इतकी सावकाश पिकली, की उकंडाजी रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, टोपी चढवून बांधावर यायचा, फळांचा रंग बघायचा, आणि शिव्या देत टोपी काढून परत जायचा.