न पाठवलेले स्वेटर

त्या शेवटच्या दिवशी सगळं नेहमीसारखं होतं. अण्णा ओट्यावर बसून माझ्या मनगटाचं माप घेत होते.

"दीक्षे, हालू नगंस. कफ ढिला व्हतो."

माझ्या दुसऱ्या हातात फोन होता. सांगलीच्या आमच्या कॉलेजातली मैत्रीण विचारत होती, वडील काय करतात? मी म्हटलं, "निवृत्त आहेत. कॉम्प्युटरवर काहीतरी करत असतात."

अण्णांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी माप वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

अण्णा, म्हणजे हवालदार जालिंदर, लडाखच्या लष्करी ठाण्यावर विणायला शिकले होते. वडूजला परतल्यावर ते स्वेटरचे नमुने, म्हणजे कुठला टाका कुठं याचे आराखडे, तयार करायचे आणि त्यांच्या फायली एका परदेशी ऑनलाइन बाजारात विकायचे. गावातले चिडवायचे, "हवालदार, बंदूक ठिवून सुया धरल्या व्हय?" अण्णा हसायचे. मी मात्र विषय बदलायचे.

ते गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या नावानं जीएसटीची नोटीस आली. करसल्लागाराचा पत्ता शोधत मी साताऱ्यातल्या एका इमारतीत शिरले. जिन्यात एक तरुण पायरीवर बसून स्वतःच्या चपलेचा अंगठा शिवत होता.

"कुणाल सर कुठं बसतात?"

"सर वर बसतात," तो चप्पल पायात सरकवत म्हणाला. "इथं नुसताच कुणाल असतो."

वर जाऊन त्यानं नोटीस वाचली. एकदा… मग पुन्हा.

"एक हजार तीनशे बारा स्वेटर परदेशी विकले, आणि पार्सल एकाचंही नाही? मॅडम, माल गेला कसा?"

"गेलाच नाही. गिऱ्हाईक नमुन्याची फाइल उतरवून घेतं आणि घरी विणतं."

"मग नोंदणीत 'लोकरी स्वेटर' का लिहिलंय?"

आईनं सांगितलं होतं, तेच मी सांगितलं. "अण्णा म्हणायचे, इणणारं कुणीबी असूदे, स्वेटर आपलाच हाय."

कुणाल हसला आणि माझ्याकडे बघून लगेच थांबला. "इतकी देखणी चूक मी पहिल्यांदाच बघतोय." मग त्यानं समजावलं. उतरवून घ्यायची फाइल म्हणजे कायद्यानं वस्तू नव्हे, सेवा. कर वेगळा, रकाना वेगळा. सुनावणीला वारसानं जाऊन खरं काय ते सांगायला हवं. नाहीतर त्यांचं ऑनलाइन दुकान माझ्या नावावर होणार नाही, आणि बाजारवाले अण्णांच्या सगळ्या फायली काढून टाकतील.

"तुम्हीच बोला ना माझ्या वतीनं," मी म्हटलं.

"कागदाचं मी बोलेन. माणसाचं तुम्ही."

पाचव्या खेपेला त्यानं बाजाराचा अहवाल उघडला. कुठल्या देशातल्या गिऱ्हाइकाकडून किती कर घेतला, याची ती यादी होती. नॉर्वे. आइसलँड. जपान. न्यूझीलंड… मी फक्त नावं वाचत राहिले. मग त्यानं गिऱ्हाइकांनी लावलेले फोटो उघडले. बर्फात उभी एक आजी. होडीतला दाढीवाला कोळी. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतलं इवलंसं बाळ. आणि सगळ्यांच्या छातीवर ज्वारीची कणसं! अण्णांनी आमच्या शेतातली ताटं बघून बसवलेली, टाक्यागणिक टपोरी होत गेलेली. नमुन्याचं नाव होतं 'वडूज'.

या लोकांनी आमच्या गावाचं नाव वाचून लोकर आणली होती.

"आवं…" कुणालचा आवाज एकदम घरचा झाला, "वडूजच्या उन्हात बसून येवढी माणसं झाकली त्यांनी!"

आम्ही दोघं एकाच पडद्यावर झुकलो होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. कुणीच सरकलं नाही.

"एक सांगू?" तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "तुमचं काम दोन खेपांत उरकलं असतं. मी तुम्हाला पाचदा बोलावलं."

"ठाऊक आहे. तीच पावती तुम्ही दोनदा मागितलीत."

"मग… दोनदा का आणलीत?"

मी पुढचा फोटो उघडला. पण कान तापले होते.

सुनावणीला अधिकारी बाईसाहेब होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. कुणालनं वस्तू आणि सेवेतला फरक नीट मांडला. त्यांनी कागद चाळले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे हवालदार. मग हे नमुने कुणाचे? घरातल्या बाईचे का?"

होय म्हणणं सोपं होतं. कुणीच पुढं विचारलं नसतं. कुणालनं तोंड उघडलं, पण मी त्याचा हात धरला. सगळ्यांदेखत, घट्ट.

"माझ्या वडिलांचे. माझे वडील विणायचे, मॅडम." आवाज फुटला, तरी मी थांबले नाही. "मला ते सांगायची लाज वाटायची. त्यांच्या समोर बसून मी ते लपवलं, आणि त्यांनी ऐकलं."

कुणालची बोटं माझ्या बोटांत हळूच मिटली. मी कुणाकडेच न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"अण्णा, लय देखणं इणायचात तुमी."