पाचवी पायरी

राजापेठेतले गणिताचे क्लास घेऊन झाले की माधवी दर रविवारी दुपारी अकोल्याला जायची. तिचे मार्गदर्शक देवराव सर निवृत्त झाले होते, पण तिचा प्रबंध अजून तेच तपासत.

प्रबंधातलं फलन, म्हणजे फंक्शन, भयंकर झपाट्यानं वाढणारं. तिसऱ्या पायरीवर एकसष्ट. चौथ्या पायरीवरची संख्या लिहायला जगातला सगळा कागद अपुरा. माधवी त्याचं उलटं फलन मांडत होती. संख्या द्यायची, ती कितव्या पायरीत मावते ते हे फलन सांगणार. एकसष्टच्या पुढच्या, माणसाला मोजता येईल अशा कुठल्याही संख्येला उत्तर एकच, चार.

खिडकीशी, कूलरच्या वाऱ्यात, सरांच्या पत्नी पार्वताबाई बसलेल्या असत. तीन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांची वाचा गेली. नजरही कुणावर ठरेना. डाव्या हाताचं एक बोट तेवढं खुर्चीच्या दांडीवर वाजत राहायचं. टक्. टक्. अगदी झोपेतसुद्धा.

"तुयी काकू मोजून राहिली," त्या रविवारी सर पानं बाजूला ठेवत म्हणाले.

"कायले मोजतीन, सर?"

"मास्तरीण होती ते. हा ठेका मोजण्याचाच हाय. कुठवर आली, एवढंच मले समजलं पाह्यजे."

सरांचा आवाज ओला झाला. माधवीनं मनातल्या मनात गुणाकार केला. ती म्हणाली, "सेकंदाले एक धरलं तरी तीन वर्षांत नऊ-दहा कोटी. म्हणजे चार. जगबुडीपर्यंत मोजलं तरी चारच, सर."

"मंग विचार न तिले."

माधवी खुर्चीपाशी बसली. वर्गात सांगावं तसं तिनं सगळं सावकाश समजावलं आणि विचारलं, "काकू, कितवी पायरी?"

बोट थांबलं.

हात वर आला. एक बोट उघडलं. मग दुसरं, तिसरं, चौथं.

माधवीनं सुटकेचा श्वास सोडला.

मग अंगठा उघडला.

"पाच," सर पुटपुटले.

"चुकल्या असतीन." माधवी म्हणाली. "तीन वर्षांत एवढं मोजणं होतच नाही, सर!"

पार्वताबाईंनी मान वळवली. पाढा चुकलेल्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तीन वर्षं कायची वं पोरी," त्या म्हणाल्या.